रॉक अँड रोल : संज्ञेचा अर्थ आणि उगम

‘रॉक अँड रोल’ हे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झालेल्या एका लोकप्रिय संगीतप्रकाराचे नाव होय. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात ते नभोवाणीवरून अमेरिकी तरुणांच्या तोंडी झाले आणि १९५५ नंतर दोन-तीन वर्षांतच जगभर पसरले. क्लीव्हलंड शहरातील नभोवाणी निवेदक ॲलन फ्रीड यांनी ही संज्ञा निर्माण केली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. वस्तुस्थिती निराळी आहे. हे दोन शब्द फ्रीड यांच्या जन्मापूर्वीपासून जोडीने वापरले जात होते. खलाशी, प्रार्थनासभेतील भाविक आणि ब्लूज गाणाऱ्या गायिका यांनी त्यांना आपापले अर्थ दिले होते. फ्रीड यांनी शब्द घडवला नाही. आधीपासून वाजत असलेल्या संगीताला त्यांनी तो नाव म्हणून लावला. या नामकरणाने आफ्रिकी-अमेरिकी संगीताला गौरवर्णीयांच्या घरांत वाट मिळाली. त्याच वेळी ते संगीत कोणी घडवले, या प्रश्नाचे उत्तरही त्या नावामागे काही काळ झाकले गेले.

शब्दांची व्युत्पत्ती

मराठी वाचकाला ‘रॉक’ म्हटले की प्रथम खडक आठवतो. त्या अर्थाचा या संज्ञेशी संबंध नाही. इंग्रजीत उच्चार व लेखन एकच असलेले हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. खडक या अर्थाचा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. येथे अभिप्रेत असलेले क्रियापद मात्र प्राचीन इंग्रजीतील असून पाळणा हलवणे, मुलाला झोका देणे हा त्याचा मूळ अर्थ होय. त्यावरूनच झुलणे, हेलकावे खाणे, हादरणे हे अर्थ विस्ताराने आले.

‘रोल’ हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधील ‘लहान चाक’ या अर्थाच्या शब्दापर्यंत मागे नेता येतो. चाकासाठी असलेला लॅटिन ‘रोटा’ आणि संस्कृतातील ‘रथ’ हे शब्द भाषाशास्त्रज्ञ एकाच मुळातले मानतात. फिरणे, गडगडणे, लोळणे आणि लाटांवर डोलणे हे ‘रोल’चे प्रचलित अर्थ. दोन शब्दांमधील ‘अँड’ बोलताना आखडून ‘एन’ होतो. म्हणून ‘रॉक एन रोल’ असाही उच्चार रूढ आहे.

‘रोलिंग स्टोन्स’ या विख्यात इंग्लिश वाद्यवृंदाच्या नावामुळे खडकाचा गैरसमज अधिकच पक्का होतो. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या वृंदाने आपले नाव ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या १९५० सालच्या ‘रोलिन स्टोन’ या गीतावरून घेतले. त्यामागे गडगडणाऱ्या दगडाविषयीची जुनी इंग्रजी म्हण आहे. संगीतप्रकाराच्या नावाशी तिचा संबंध नाही.

समुद्रावरील अर्थ

दोन्ही शब्द जोडीने वापरण्याची जुनी उदाहरणे समुद्राशी निगडित आहेत. लाटांवर गलबताचे हेलकावणे आणि दोन्ही कुशींवर कलणे यांचे वर्णन इंग्रजीत सतराव्या शतकापासून या शब्दांनी होत आले. यात अद्याप संगीत नाही. केवळ गतीचे वर्णन आहे. हा अर्थ विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिला. १९३४ मध्ये ‘ट्रान्सॲटलांटिक मेरी-गो-राउंड’ या चित्रपटात बॉसवेल भगिनींनी गायलेल्या एका गीताचे शीर्षकच ‘रॉक अँड रोल’ असे होते. चित्रपटाची कथा आगबोटीवर घडते आणि गीतातील संदर्भ जहाजाच्या डोलण्याचा आहे. त्यामुळे ते गीत या नावाचे असले, तरी या प्रकाराचे नव्हे.

प्रार्थनेतील अर्थ

अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या ख्रिस्ती समाजात ‘रॉक’ या शब्दाला भक्तीचा अर्थ प्राप्त झाला. गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेल्या त्यांच्या भक्तिगीतांत ईश्वराच्या कुशीत झुलण्याची प्रतिमा आढळते. उघड्या मैदानावर भरणाऱ्या प्रार्थनासभांत सामुदायिक गायन, टाळ्या आणि पावलांचा ठेका यांनी भाविक तल्लीन होऊन डोलू लागत. त्या भावावस्थेसाठी हे क्रियापद वापरले जाई. मराठीतील ‘डोलणे’ हा शब्द जसा होडीला, पिकाला आणि कीर्तनात रंगलेल्या श्रोत्याला सारखाच लागू पडतो, तसेच हे झाले.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचे नाव सिस्टर रोझेटा थार्प यांचे. अर्कान्सा राज्यात जन्मलेल्या थार्प लहानपणापासून आपल्या आईबरोबर प्रार्थनासभांत गिटार वाजवून गात असत. १९३८ मध्ये त्यांनी ‘रॉक मी’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. आधुनिक गॉस्पेल संगीताचे जनक मानले जाणारे टॉमस डॉर्सी यांच्या भक्तिगीतावर ते आधारलेले होते. ईश्वराने आपल्याला पाळण्यातल्या मुलाप्रमाणे झुलवावे, हा त्यातील भाव. त्याच वर्षी थार्प न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या रात्रीच्या करमणूकगृहात गाऊ लागल्या. पवित्र गीते मद्यालयात नेल्याबद्दल त्यांच्यावर धार्मिक मंडळींनी टीका केली. दुसरीकडे त्यांची गायकी आणि जोरकस गिटारवादन सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

मे १९४२ मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायविषयक नियतकालिकाने थार्प यांनी लकी मिलिंडर यांच्या वाद्यवृंदाबरोबर केलेल्या याच गीताच्या नव्या मुद्रिकेचे परीक्षण छापले. त्यात त्यांच्या भक्तिगायनाला ‘रॉक-अँड-रोल’ हे विशेषण लावलेले आढळते. एखाद्या गायनशैलीचे वर्णन म्हणून छापील स्वरूपात आलेला हा या शब्दांचा एक आरंभीचा वापर होय. फ्रीड त्या वेळी वीस वर्षांचे होते आणि नभोवाणीच्या क्षेत्रात त्यांना अद्याप नाव नव्हते.

शृंगारसूचक अर्थ

याच समाजाच्या लौकिक गाण्यांत हे दोन्ही शब्द नृत्य आणि शरीरसंबंध या दोहोंचे सूचक झाले. १९२२ मध्ये ट्रिक्सी स्मिथ या ब्लूज गायिकेने ब्लॅक स्वान या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या एका गीताच्या शीर्षकातच ‘रॉक’ आणि ‘रोल’ हे दोन्ही शब्द आहेत. प्रियकराच्या सहवासाचे वर्णन करणाऱ्या त्या गीतातील अर्थ श्रोत्यांना सांगावा लागत नसे. लौकिक ध्वनिमुद्रित संगीतात दोन्ही शब्द एकत्र आल्याचे हे बहुधा सर्वांत जुने उदाहरण मानले जाते.

पुढील दोन दशकांत हे शब्द जॅझ, ब्लूज आणि पियानोवरील बूगी-वूगी शैलीच्या गीतांतून वारंवार येऊ लागले. ड्यूक एलिंग्टन यांची ‘रॉकिन इन रिदम’ ही रचना १९३१ची. १९३८ मध्ये गायक बिग जो टर्नर आणि पियानोवादक पीट जॉन्सन यांनी ‘रोल एम पीट’ ही मुद्रिका केली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर अशा शीर्षकांची रीघच लागली. रॉय ब्राउन यांचे ‘गुड रॉकिंग टुनाइट’ १९४७ मध्ये आले आणि पुढील वर्षी वायनोनी हॅरिस यांनी ते गाऊन विलक्षण लोकप्रिय केले. जिमी प्रेस्टन यांचे ‘रॉक द जॉइंट’ १९४९चे. या टप्प्यावर ‘रॉक’ म्हणजे वेगवान ठेक्यावर बेभान होऊन नाचणे, हा अर्थ स्थिरावला होता. भक्तीचा आणि शृंगाराचा असे दोन्ही रंग त्या शब्दाला होते; गाणाऱ्याने हवा तो रंग घ्यावा आणि ऐकणाऱ्याने हवा तो ओळखावा.

संगीताची घडण

नाव मिळण्याआधी या संगीताचे घटक तयार झालेले होते. त्याचा पाया म्हणजे ब्लूजमधील बारा मापांचा बंध. प्रत्येक माप चार मात्रांचे असते आणि बारा मापांत तीन मुख्य कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, ठरावीक क्रमाने येतात. या बंधावर बूगी-वूगीची मंद्र सप्तकातील अखंड चाल, गॉस्पेलमधील साद-प्रतिसादाची गायनपद्धती आणि ग्रामीण गौरवर्णीयांच्या कंट्री संगीतातील गिटारवादन यांचे संस्कार झाले. चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येणारा ठळक आघात हे या संगीताचे सहज ओळखू येणारे लक्षण होय. आरंभी पियानो आणि सॅक्सोफोन यांना प्राधान्य होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस विद्युत गिटारने ती जागा घेतली.

तंत्रज्ञानाचेही साहाय्य झाले. १९४९ मध्ये मिनिटाला ४५ फेरे घेणारी लहान, हलकी तबकडी बाजारात आली आणि १९५४ मध्ये खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ आला. घरातील मोठ्या रेडिओवर वडिलांची सत्ता चाले; लहान संच मुलांच्या हाती आला. युद्धोत्तर सुबत्तेत वाढलेली ही पिढी आपल्या पैशाने आपल्या आवडीचे संगीत विकत घेऊ शकत होती.

‘रेस रेकॉर्ड्स’ ते ‘रिदम अँड ब्लूज’

अमेरिकी तबकडी-व्यवसायात १९२०च्या दशकापासून कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी काढलेल्या मुद्रिकांना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. ही वर्गवारी संगीताच्या गुणधर्मांवर नव्हे, तर गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या वंशावर आधारलेली होती. जून १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ने आपल्या लोकप्रिय गीतांच्या यादीतून हा अवमानकारक शब्द वगळून त्याजागी ‘रिदम अँड ब्लूज’ ही संज्ञा घेतली. ती त्या वेळी तेथे काम करणारे आणि पुढे निर्माते म्हणून प्रसिद्धीस आलेले जेरी वेक्सलर यांनी सुचवली होती. नाव सभ्य झाले, तरी कप्पा वेगळाच राहिला. या यादीतील गीते प्रामुख्याने कृष्णवर्णीयांसाठीच्या केंद्रांवरून वाजत आणि त्यांच्याच वस्त्यांतील दुकानांत विकली जात.

ॲलन फ्रीड आणि नामकरण

क्लीव्हलंडमधील तबकड्यांच्या दुकानाचे मालक लिओ मिंट्झ यांना एक गोष्ट दिसून आली : गौरवर्णीय तरुण मुले रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या आवडीने विकत घेत होती. त्यांच्या प्रोत्साहनाने फ्रीड यांनी जुलै १९५१ मध्ये स्थानिक डब्ल्यूजेडब्ल्यू केंद्रावर रात्री उशिराचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यात ते कृष्णवर्णीय कलावंतांच्या मूळ मुद्रिका वाजवीत आणि श्रोत्यांना उत्साहाने साद घालत. त्या संगीताचा उल्लेख करताना ‘रॉक अँड रोल’ हे शब्द ते वापरू लागले. ‘रिदम अँड ब्लूज’ म्हटले की वंशाची भिंत आठवे. ‘रॉक अँड रोल’ म्हटले की ती आठवत नसे.

२१ मार्च १९५२ रोजी फ्रीड आणि मिंट्झ यांनी ‘मूनडॉग कॉरोनेशन बॉल’ हा कार्यक्रम क्लीव्हलंड अरेना येथे योजला. सुमारे दहा हजारांच्या जागेसाठी त्याच्या जवळपास दुप्पट लोक जमले आणि गर्दी आवरेना, तेव्हा अधिकाऱ्यांनी कार्यक्रम बंद पाडला. पहिली रॉक अँड रोल मैफल म्हणून या अपूर्ण राहिलेल्या कार्यक्रमाचा उल्लेख केला जातो.

१९५४ मध्ये फ्रीड न्यूयॉर्कच्या विन्स केंद्रावर आले. तेथे एका न्यायालयीन वादाने संज्ञेच्या इतिहासाला वळण दिले. फ्रीड स्वतःला ‘मूनडॉग’ म्हणवीत. परंतु लुई हार्डिन हे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वादन करणारे अंध संगीतकार ते नाव पूर्वीपासून वापरत होते. हार्डिन यांनी दावा लावला आणि तो जिंकला. नाव सोडणे भाग पडल्यावर फ्रीड यांनी आपल्या कार्यक्रमाला ‘रॉक अँड रोल पार्टी’ हे नाव दिले. जानेवारी १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या त्यांच्या नृत्यमैफलीच्या शीर्षकातही हेच शब्द आले. तोवर वर्णनासाठी वापरले जाणारे शब्द येथून विशेषनाम झाले.

प्रसार आणि श्रेयाचा प्रश्न

बिल हॅली आणि त्यांच्या ‘कॉमेट्स’ वृंदाने एप्रिल १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘रॉक अराउंड द क्लॉक’ आरंभी फारसे गाजले नाही. १९५५ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या आरंभी ते वापरले गेले आणि जुलैमध्ये अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. जुलै १९५४ मध्ये मेम्फिस येथील सन स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्ली यांनी ‘दॅट्स ऑल राइट’ ध्वनिमुद्रित केले. ते मूळ गीत आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचे होते.

हा योगायोग नव्हता; ती त्या काळची व्यावसायिक रीत होती. कृष्णवर्णीय गायकाची मुद्रिका चालते असे दिसले की गौरवर्णीय गायकाकडून ती पुन्हा गाऊन घेतली जाई. बिग जो टर्नर यांचे १९५४ सालचे ‘शेक, रॅटल अँड रोल’ हॅली यांनी त्याच वर्षी गायले; मात्र मूळ शृंगारसूचक ओळी गाळून वा बदलून. विली मे थॉर्नटन यांनी १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘हाउंड डॉग’ १९५६ मध्ये प्रेस्ली यांच्या आवाजात जगभर गेले. लिटल रिचर्ड यांचे ‘टुटी फ्रुटी’ पॅट बून यांनी सौम्य करून गायले. नव्या आवृत्त्यांना अधिक केंद्रे, अधिक दुकाने आणि अधिक पैसा मिळाला. न्यू ऑर्लिन्सचे पियानोवादक-गायक फॅट्स डॉमिनो यांनी मुलाखतींतून स्पष्ट केले होते, की ज्याला आता रॉक अँड रोल म्हणतात ते आपण कित्येक वर्षे रिदम अँड ब्लूज या नावाने वाजवीत आलो आहोत. त्यांची ‘द फॅट मॅन’ ही मुद्रिका १९४९ची आहे.

फ्रीड यांची भूमिका या बाबतीत दुहेरी होती. अशा नकलांऐवजी मूळ कलावंतांच्याच मुद्रिका वाजवण्याचा त्यांचा आग्रह असे. मात्र चक बेरी यांच्या १९५५ सालच्या ‘मेबेलीन’ या गीताच्या सहलेखकांत फ्रीड यांचे नाव आले, ते गीत लिहिल्यामुळे नव्हे, तर ते वाजवण्याच्या त्यांच्या सामर्थ्यामुळे. संपूर्ण श्रेय बेरी यांना परत मिळण्यास १९८६ साल उजाडावे लागले.

पहिली रॉक अँड रोल मुद्रिका कोणती, या वादाचे मूळही यातच आहे. काही जण १९५१ सालच्या ‘रॉकेट ८८’चे नाव घेतात, काही ‘द फॅट मॅन’चे, तर काही प्रेस्लींच्या पहिल्या मुद्रिकेचे. जिम डॉसन आणि स्टीव्ह प्रोप्स यांनी १९९२ मध्ये याच प्रश्नावर पुस्तक लिहिले आणि त्यात एकूण ५० दावेदारांचा विचार केला. शैली हळूहळू घडली आणि नाव नंतर आले, म्हणून एकच आरंभबिंदू दाखवता येत नाही.

विरोध

शब्दाचा जुना शृंगारसूचक अर्थ ठाऊक असलेल्या पालकांना आणि धर्मोपदेशकांना हे नाव अशिष्ट वाटले. दक्षिणेकडील राज्यांत आक्षेपाचे खरे कारण वर्णमिश्रणाची भीती हे होते. अनेक सभागृहांत मधोमध दोर बांधून दोन्ही वर्णांच्या प्रेक्षकांना वेगळे ठेवले जाई. १९५७ मध्ये एबीसी दूरचित्रवाणीवरील फ्रीड यांच्या कार्यक्रमात फ्रँकी लायमन हा किशोरवयीन कृष्णवर्णीय गायक एका गौरवर्णीय मुलीबरोबर नाचताना दिसला. दक्षिणेतील केंद्रांनी गहजब केला आणि तो कार्यक्रम लवकरच बंद झाला. ब्रिटनमध्ये १९५६ साली ‘रॉक अराउंड द क्लॉक’ या चित्रपटाच्या खेळांना तरुणांनी धुडगूस घातला, तेव्हा काही शहरांच्या प्रशासनांनी त्याच्या प्रदर्शनावर बंदी घातली.

फ्रीड यांची कारकीर्द मात्र वेगळ्याच कारणाने संपली. मुद्रिका वाजवण्यासाठी कंपन्यांकडून पैसे घेण्याच्या प्रथेची १९५९-६० मध्ये चौकशी झाली. फ्रीड यांची नोकरी गेली. १९६२ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. २० जानेवारी १९६५ रोजी वयाच्या ४३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतातील पडसाद

भारतात हा ठेका प्रामुख्याने हिंदी चित्रपटसंगीतातून पोहोचला आणि त्यात महाराष्ट्र व गोवा या दोन्ही प्रदेशांचा वाटा आहे. नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा वापर आधीपासून केला होता. त्यांच्या ‘अलबेला’ या १९५१ सालच्या चित्रपटात मूळचे हळदोणे येथील ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा सहभाग होता. १९५७ च्या ‘आशा’ या चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ हे त्यांचे गीत हिंदीतील आरंभीचे रॉक अँड रोल गीत मानले जाते. किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांनीही ते स्वतंत्रपणे गायले. निरर्थक वाटणाऱ्या त्याच्या शब्दांत कोकणीतील नकाराचे शब्दही आहेत. ते रामचंद्र यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी सुचवले, असे सांगितले जाते.

‘रॉक’ आणि ‘रॉक अँड रोल’

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्युत गिटारवर आधारलेल्या, अधिक गुंतागुंतीच्या आणि नाचण्यापेक्षा ऐकण्यावर भर देणाऱ्या संगीतासाठी केवळ ‘रॉक’ हा शब्द रूढ झाला. तेव्हापासून काटेकोर लेखनात ‘रॉक अँड रोल’ ही संज्ञा १९५०च्या दशकातील मूळ शैलीपुरती वापरली जाते, तर ‘रॉक’ ही तिच्यातून निघालेल्या विस्तृत परिवाराची. सैल वापरात दोन्ही समानार्थी मानल्या जातात.

क्लीव्हलंड येथे १९९५ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ची वास्तू खुली झाली. फ्रीड यांनी हे नाव त्याच शहरातून प्रसृत केले, हा त्या शहराच्या निवडीमागील एक मुख्य आधार होता. या संस्थेने १९८६ मध्ये गौरवलेल्या पहिल्याच तुकडीत फ्रीड यांचे नाव होते. ज्यांच्या गायनाचे वर्णन १९४२ मध्येच या शब्दांत छापले गेले होते, त्या रोझेटा थार्प यांचा समावेश २०१८ मध्ये झाला. तोपर्यंत त्यांच्या निधनाला जवळपास ४५ वर्षे लोटली होती.